डॉक्टरसाहेब, एवढं पोटात ठेवू नका

जुन्नर-आंबेगावात बायांच्या पोटावर सुरी चालवणाऱ्या आणि चालवून झाल्यावर मौन पाळणाऱ्या डॉक्टरसाहेबांस,



पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आत जुन्नर, ओतूर, घोडेगावच्या बाजारपेठांत दवाखान्यांच्या इतक्या पाट्या आहेत की एकाचं नाव घेऊन बाकीच्यांचा हिरमोड कशाला करायचा? जे डॉक्टर बाईला टेबलावर घेण्याआधी समोर खुर्चीत बसवतात आणि काय काढणार, का काढणार, मागे काय राहू शकतं हे तिला कळेल अशा भाषेत सांगतात, त्यांनी हे पत्र घडी घालून बाजूला ठेवावं. बाकीच्यांबद्दल आपल्याकडे म्हणतातच, खाई त्याला खवखवे.

आधी तुमच्या स्मरणशक्तीचं कौतुक करू द्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती पार गेलेली असते. "काही नाही हो मावशी, पिशवी काढायची, तिसऱ्या दिवशी घरी." फॉर्म इंग्रजीत छापलेला, खाली फुली मारलेली, मावशींच्या आधी त्यांच्या मालकांची सही. पोटात आतडं, मूत्राशय, बीजकोश नंतर एकमेकांना चिकटू शकतात, हे त्या फॉर्मवर नाही आणि तुमच्या तोंडातही नाही. सहा महिन्यांनी तीच मावशी येते. पोटात ओढल्यासारखं होतंय, वाकलं की कळ येते, जेवलं की फुगतं. तेव्हाही तुम्हाला आठवत नाही. सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, गॅसची गोळी लिहून दिली जाते आणि वर मोफत सल्ला मिळतो की फार मनावर घेऊ नका. चिकटलेले पदर सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, सीटी स्कॅनमध्येही थेट सापडतीलच असं नाही, हे तुम्हाला परीक्षेला होतं. पण परीक्षा होऊन आता बरीच वर्षं झाली.

आणि मग एके दिवशी दुसऱ्या कशासाठी तरी तिचं पोट पुन्हा उघडावं लागतं. इथे तुमची स्मरणशक्ती अशी काही झळाळून उठते की पाहत राहावं. ओटीचं दार उघडतं, मास्क खाली येतो आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना तुम्ही सांगता, "आतून सगळं चिकटलेलं होतं हो! आतडं कुठलं, मूत्राशय कुठलं, काही कळेना. म्हणून दोन तास जास्त गेले." बिलात ते दोन तास बरोबर उतरतात. सोडवताना मूत्राशयाला किंवा आतड्याला भोक पडलं असेल तर त्याचाही गुन्हेगार तेच चिकटणं. पहिल्या ऑपरेशनआधी ज्याचं नावही नव्हतं, दुखणं घेऊन बाई आली तेव्हा ज्याचा पत्ता नव्हता, ते ऐन वेळी तुमच्या बाजूचा साक्षीदार होऊन उभं राहतं. असा इमानी साक्षीदार वकिलांनासुद्धा मिळत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी हे पत्र आमच्या बायाही वाचणार आहेत, म्हणून थोडं सांगते. पोटाच्या आतून आणि आतड्यांवरून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत अस्तर असतं. त्याच्यामुळेच वीसेक फूट लहान आतडं जन्मभर सरकत राहतं आणि कुठे अडत नाही. सुरी, चिमटा, डाग देणारं यंत्र, कोरडं गॉज यांनी ते अस्तर खरचटलं की शरीर काही तासांत तिथे फायब्रिन नावाचा चिकट थर आणून घालतं, पत्रिकेची पाकिटं चिकटवायच्या खळीसारखा. शरीर शहाणं असतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ते स्वतःच हा थर विरघळवूनही टाकतं. पण टाके करकचून घातल्याने तिथलं रक्त तुटलं असेल, मांस जाळलं गेलं असेल, तासभर उघडं पडून अस्तर सुकलं असेल, आत रक्त साचून राहिलं असेल किंवा पू झाला असेल, तर विरघळवणारं द्रव्य कमी पडतं. मग त्या थरात पेशी शिरतात, तंतू विणतात आणि आठवडाभरात पक्का पदर तयार होतो. पुढे त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटतात, मज्जातंतूसुद्धा सापडले आहेत. आतडं बीजकोशाला, बीजकोश भिंतीला, मूत्राशय सिझरच्या वणाला, कोण कुणाला धरेल याचा नेम नाही.

हे किती जणींना होतं? मेन्झिस आणि एलिस या ब्रिटिश सर्जननी १९९० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर सांगितला जातो. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० जणांचं पोट पुन्हा उघडलं तेव्हा ९३ टक्क्यांच्या पोटात चिकटलेले पदर सापडले. पहिल्यांदाच पोट उघडलं गेलेल्या ११५ जणांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. शंभरातल्या नव्वदांना होणारी गोष्ट सांगायची राहून जाते आणि हजारोंत एखादीला होईल अशी भुलीची रिॲक्शन मात्र फॉर्मवर ठळक छापलेली असते. छपाईखान्याचीच चूक असणार.

घाबरवण्याचा आरोप माझ्यावर नको, म्हणून दुसरी बाजूही सांगते. पदर सापडले म्हणजे त्रास झालाच असं नाही. बहुतेक जणी पोटात पदर घेऊन जन्म काढतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० जणांच्या नोंदी दहा वर्षं तपासल्या, तो अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांतले सुमारे एकतृतीयांश लोक दहा वर्षांत सरासरी दोनदा पुन्हा दवाखान्यात दाखल झाले होते, कधी चिकटण्याच्या तक्रारीसाठी, कधी चिकटण्यामुळे अवघड ठरू शकणाऱ्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी. निव्वळ आणि निःसंशय चिकटण्यामुळे दाखल होण्याच्या वेळा त्या एकूण वेळांत ५.७ टक्के होत्या. थोड्या वाटतात? ज्या बाईचं आतडं अशा पदरात अडकून रात्री दोनला पीळ बसतो, तिला टक्केवारी सांगून पाहा. आहुप्याहून घोडेगाव, घोडेगावहून मंचर आणि मंचरहून "पुण्याला न्या" असं ऐकत जाणाऱ्या जीपमध्ये बसून सांगा म्हणजे झालं.

आता तुमच्या बाजूने मला सुचलेला एकच खरा बचाव मांडते, कारण तो तुम्ही स्वतः मांडणार नाही. तुम्ही म्हणाल, "माझ्या पेशंटना असलं काही झाल्याचं मी पाहिलेलं नाही." अगदी खरं. कसं पाहाल? बाई तुमच्याकडे परत येतेच कुठे? दोनदा गॅसची गोळी घेऊन ती तिसऱ्यांदा गावातल्या डॉक्टरकडे जाते, मग पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत भगताकडे, मग कुणाच्या सांगण्यावरून एखाद्या काढ्याकडे. आतडं खरंच अडलं तर ससूनला किंवा पिंपरीला. तिथे दुसरा सर्जन पोट उघडतो, पदर कापतो आणि पहिलं ऑपरेशन कुणी, कसं केलं हे विचारायला त्याला वेळ नसतो. तुमच्या रजिस्टरात ती केस 'बरी होऊन घरी' अशीच राहते. स्वच्छ रेकॉर्ड! तुमचं अज्ञान असं रुग्णांच्या पायांनी जपलं गेलं आहे. ते पाय तालुक्याबाहेर चालत गेले म्हणून ते टिकलं.

हा केवळ आपल्या तालुक्यांचा दोष नाही, एवढा दिलासा घ्या. नेदरलँड्समध्ये, जर्मनीत सर्जननाच प्रश्नावल्या पाठवून हे विचारून झालं आहे. चिकटणं ही मोठी अडचण आहे हे बहुतेकांना मान्य. ऑपरेशनआधी पेशंटला तसं सांगता का, या प्रश्नाशी मात्र गाडी अडली. म्हणजे तुम्ही थेट युरोपच्या पंक्तीला बसला आहात. अभिनंदन.

जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट आणखी एका वाटेने येते आणि ती वाट उसातून जाते. गळीत हंगाम लागला की निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्यांच्या पट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. कोप्या पडतात, कोयते चालू लागतात. यांतल्या कितीतरी जोड्या बीड-नगरकडून येतात. २०१९ साली बीडच्या बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गेली, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आरोग्य खात्याने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातलं प्रमाण शंभर बायांमागे तीनच्या आसपास आहे आणि त्यांतली दोनतृतीयांशाहून जास्त ऑपरेशनं खाजगीत झालेली आहेत. पाळीच्या दिवशी बाई कामावर आली नाही की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वजा. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात जावं तर तिथे कॅन्सरचा बागुलबुवा. तिशीतली बाई मग म्हणते, काढून टाका एकदाची कटकट. आणि तुमच्यासारखा कनवाळू माणूस नाही कसं म्हणणार?

बीडमधल्या बाईचं ऑपरेशन पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात होतं, दिवाळीनंतर ती जुन्नरच्या उसात मोळी डोक्यावर घेऊन उभी असते आणि पोटातली ओढ तिथे सुरू होते. डिस्चार्ज कार्ड गावाकडच्या पेटीत. इथला डॉक्टर विचारतो, कसलं ऑपरेशन झालं? ती म्हणते, पिशवीचं. बीजकोश ठेवलेत की काढलेत? तिला माहीत नाही. बीजकोश ठेवले असतील तर तेच पदरांत गुरफटून दुखत असू शकतात, म्हणजे उपचाराची दिशा या एका उत्तरावर ठरते. पण तिला ते कुणी सांगितलेलंच नाही, कारण तिचं पोट उघडताना घरचे कुणीतरी बाहेर सही करून मोकळे झाले होते.

डिस्चार्ज कार्डाचा विषय निघालाच आहे. आपल्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीने, नागनिकेने, कोणता यज्ञ केला आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली याची यादी दगडात कोरून ठेवली आहे. दोन हजार वर्षं झाली, अजून बरीचशी वाचता येते. तुमच्या कार्डावर गेल्या पावसाळ्यातल्या ऑपरेशनचा हिशेब तीन इंग्रजी अक्षरांत आणि एका रेघोटीत आटोपलेला असतो. आत काय दिसलं, काय काढलं, काय ठेवलं, आधीपासून काही चिकटलेलं होतं का, सोडवलं का, रक्त किती गेलं, यातलं काही नाही. नागनिकेला छिन्नी-हातोडा चालवून घ्यावा लागला, तुम्हाला बॉलपेन पुरेल.

न्यायालयाचंही ऐकून ठेवा. दिल्लीतल्या समीरा कोहली यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाली काढला. १९९५ साली ४४ वर्षांची ही अविवाहित बाई दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली आणि भुलीतून उठली तेव्हा गर्भाशय, बीजकोश, बीजनलिका सगळं काढून झालेलं होतं. संमती घेतली होती म्हणे, पण आईची. मुलगी बेशुद्ध असताना. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईची संमती दुसऱ्या कुणी द्यायची नसते आणि संमती म्हणजे पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती. उपचार काय, फायदा काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे सांगितलं पाहिजे. दूरचे आणि केवळ पुस्तकी धोके सांगायची गरज नाही, अशी सवलतही त्याच निकालात आहे. तुम्ही नेमकी ती सवलत पाठ केलेली दिसते. फक्त एवढं सांगा, नव्वद टक्के पोटांत होणारी गोष्ट दूरची कशी झाली? जुन्नरपासून दिल्लीइतकी?

तुमच्या लाडक्या मुद्द्यावर येते. "काही बायांना दुखणं जास्तच वाटतं." नारायणगावची तमाशातली विठाबाई नऊ महिन्यांची पोटुशी असताना फडावर नाचत होती, पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. सांगावंच. पण ते तपासणीच्या खोलीतलं माप बनवू नका. विठाबाई पुन्हा उभी राहिली ती बाहेर तिकिटं फुटली होती म्हणून, दुखत नव्हतं म्हणून नव्हे. तुमच्या समोरच्या स्टुलावर बसलेल्या बाईला तुम्ही दहा वर्षं गॅस झाल्याचं सांगत असाल, तर एवढा गॅस असताना ती चुलीसाठी सिलिंडर कशाला आणते?

बरं, करायचं काय, हेही तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. आतडी हळुवार हाताळायची, ओली ठेवायची, रक्त नीट थांबवायचं, नको तिथे डाग द्यायचा नाही, गॉजचे तंतू आत सोडायचे नाहीत, जमेल तिथे दुर्बिणीने करायचं. दुर्बिणीने पदर कमी होतात, पण अजिबात होत नाहीत असं कुणी सांगत असेल तर तो पाटीवरचा मजकूर समजावा. पदर होऊ नयेत म्हणून आत ठेवायचे विरघळणारे पडदे आणि द्रावणं बाजारात आहेत. त्यांनी चिकटणं कमी होतं असं दिसलं आहे. दुखणंही तेवढंच कमी होतं का, याबद्दल अजून मतभेद आहेत. महाग असतात. ते नसले तरी हात हलका ठेवायला पैसे पडत नाहीत. हातमोज्यांवरच्या स्टार्चच्या पावडरीनेही पोटात चिकटतं, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पावडरच्या मोज्यांवर डिसेंबर २०१६ मध्ये बंदीच घातली. तुमच्या ओटीतल्या खोक्यावर काय लिहिलंय, एकदा चष्मा लावून बघा.

आणि कृपा करून असं समजू नका की झालंच तर पुढे सोडवता येईल. चिकटलेलं कापून सोडवलं की त्याच जागी पुन्हा चिकटू शकतं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका डच चाचणीत पोट दुखणाऱ्या शंभर रुग्णांपैकी अर्ध्यांचे पदर दुर्बिणीने सोडवले, अर्ध्यांचं नुसतं आत पाहून बंद केलं. वर्षभराने दोन्ही गटांना बरं वाटत होतं आणि दोघांत फरक सापडला नाही. म्हणजे पुष्कळदा सोडवण्याचं ऑपरेशन हाही उपाय नसतो. सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, आणि तो तुमच्या धंद्याला जरा जड जाईल: जिथे औषधाने, गोळ्यांनी, थांबून भागतं तिथे पोट उघडायचंच नाही. गरज नसलेल्या पिशव्या काढू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली मार्गदर्शक सूचनांत लिहिलं, त्या लागू करा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. आता पारावर दवंडी तेवढी बाकी आहे.

पिशवीत गाठ मोठी असते, कॅन्सर असतो, बाळंतपणात रक्त थांबत नाही, तेव्हा तुमच्याच हाताने बाया वाचतात. सिझर वेळेवर झालं म्हणून या दोन तालुक्यांत कितीतरी पोरं शाळेत जातायत. ते ऋण कुणी नाकारत नाही. पण उपकार केले म्हणून माहिती द्यायची नाही, हा हिशेब कुठला? ऑपरेशन गरजेचं असेल तर बाई चिकटण्याचा धोका ऐकूनही हो म्हणेल. ती मुळातच तुमच्यापेक्षा जास्त धोके पत्करून जगते. उसात बिबट्या असतो हे माहीत असूनही ती पहाटे वाफ्यात उतरतेच ना?

तेव्हा मागणं फार नाही. संमतीपत्र मराठीत असावं. त्यावर ही ओळ असावी: "या शस्त्रक्रियेनंतर पोटातले अवयव एकमेकांना चिकटू शकतात, त्यामुळे पुढे दुखणं, आतड्याला अडथळा, मूल राहण्यात अडचण किंवा पुढचं ऑपरेशन अवघड होणं असं होऊ शकतं." ती ओळ वाचून दाखवावी आणि सही तिची घ्यावी. कार्डावर काय काढलं, काय ठेवलं ते लिहावं. आणि पुन्हा दुखतं म्हणून ती आली, तर "नॉर्मल" म्हणण्याआधी तुम्हीच तिचं पोट उघडलं होतं, हे आठवावं.

आपली नम्र,
पंचक्रोशीतली एक वाचक

ता. क. हे बायांसाठी आहे, डॉक्टरसाहेबांनी वाचलं तरी चालेल. पोटाचं कोणतंही ऑपरेशन झालेलं असेल, सिझर, पिशवी किंवा अपेंडिक्स, कितीही वर्षांपूर्वीचं, आणि पोटात थांबून थांबून कळा येतायत, उलट्या होतायत, पोट फुगलंय, वारा सरत नाही, तर एरंडेल किंवा जुलाबाचं औषध घेऊ नका. त्याच दिवशी सर्जन असलेल्या दवाखान्यात जा आणि जुनं ऑपरेशन झाल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. आणि तुमच्या ऑपरेशनचे कागद मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी तीन वर्षं जपून ठेवणं आणि मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.